मानसशास्त्राची पदवी आणि खानदेश

दरसाल जून महिना आला म्हणजे जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षित घरांतून मुलामुलींच्या पुढील शिक्षणाची जी चर्चा सुरू होते, तींत अलीकडे मानसशास्त्राचें नांव वारंवार ऐकूं येऊं लागलें आहे. मुलगी हुषार आहे, पण तिला गणित नको. वाचनाची आवड आहे, पण केवळ साहित्य घेऊन पुढें काय, ही वडिलांची विवंचना. तेव्हां मानसशास्त्र घ्यावें, असा मधला तोडगा निघतो. शेजारच्या काकू हंसत हंसत म्हणतात, "म्हणजे आतां आमच्या मनांतलें सगळें तुला कळणार तर!" आणि वडील मनाशीं हिशेब करितात कीं, तीन वर्षांनीं आपली कन्या 'मनाची डॉक्टर' होऊन दवाखाना थाटील. काकूंची थट्टा सोडून देतां येईल. वडिलांचा हिशेब मात्र चुकलेला आहे, आणि तो चुकला आहे हें प्रवेशाचा अर्ज भरतेवेळीं त्यांस कोणीही सांगत नाहीं.

कायद्याची भाषा या बाबतींत स्वच्छ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाप्रमाणें चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यास भारतीय पुनर्वास परिषदेनें मान्य केलेली त्या विषयाची अर्हता लागते, किंवा पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचें पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रशिक्षण लागतें. कला शाखेची तीन वर्षांची सामान्य पदवी या दोहोंपैकीं कशांतच बसत नाहीं. ही पदवी घेणाऱ्या मुलींपैकीं थोड्या त्या वाटेनें पुढें जातील. बाकीच्या शिक्षिका होतील, बँकेंत जातील, स्पर्धापरीक्षांस बसतील, संसार करितील. तेव्हां अभ्यासक्रम आंखावयाचा तो या बहुसंख्य मुलींकडे पाहून आंखला पाहिजे. जिला पुढें हा धंदा करावयाचा नाहीं तिच्याजवळ तीन वर्षांनीं काय शिल्लक राहावें? आमचें उत्तर असें कीं, समोरच्या माणसाकडे नीट पाहण्याची, जें पाहिलें तें मोजण्याची, आणि जें मोजलें त्याविषयीं शंका घेण्याची संवय तिला लागलेली असावी. आणि हा समोरचा माणूस खानदेशांतला असावा, त्याची बोली खानदेशांतली असावी. सध्यां अभ्यासक्रम आंखण्याची जी रीत पडली आहे तिनें ही संवय लागणें जवळजवळ अशक्य आहे, असा आमचा आरोप आहे.

ही रीत कशी आहे पहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं पदवीचा नवा सांगाडा ठरविला, आणि २०२४-२५ पासून तो संलग्न महाविद्यालयांतूनही सुरू झाला. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीस १६० ते १७६; त्यांत मुख्य विषयाचा खण, गौण विषयाचा खण, खुल्या ऐच्छिकांचा, व्यवसाय-कौशल्याचा, भाषेचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञानपरंपरेचा, क्षेत्रकार्याचा, प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचा, असे खणच खण. सांगाडा वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. क्षेत्रकार्यास त्यांत जागा आहे, आणि आम्ही पुढें जें मागणार आहों तें त्या जागेच्या जोरावरच मागणार आहों. परंतु खण दिसले कीं ते भरण्याची घाई होते. दिवाळीच्या फराळाचें ताट शेजारीं पाठवितांना चकली, करंजी, शंकरपाळे, चिवडा यांपैकीं कांहीं राहून तर गेलें नाहीं ना एवढेंच गृहिणी पाहते, तसा अभ्यासक्रम तयार होतो. थोडें सामाजिक मानसशास्त्र, थोडें बालमानसशास्त्र, दोन श्रेयांकांचें समुपदेशन, दोन श्रेयांकांचें ताणव्यवस्थापन. दोन श्रेयांक म्हणजे तीस तासांचीं व्याख्यानें. तीस तासांत समुपदेशन! आमच्याकडे पापड लाटावयास शिकण्यासही याहून अधिक उन्हाळे लागतात. यांपैकीं काय आधीं शिकल्यावांचून काय पुढें समजणार नाहीं, हा प्रश्न विचारण्यास ताट भरणारास सवड नसते.

बेरीज येण्यापूर्वीं गुणाकार कोणी शिकवीत नाहीं. मानसशास्त्रांत मात्र उलटी गंगा वाहते. मनोविकारांचें प्रकरण हें या विषयाचें आमिष आहे. त्याच्या ओढीनें विद्यार्थी येतात, म्हणून तें होईल तितकें पुढें ओढलें जातें. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धति हीं मात्र मागें ढकललीं जातात, कारण काय तर आर्ट्सच्या मुलांस गणिताची भीति वाटते. परिणाम असा कीं, विकारांचीं नांवें जिभेवर आलीं, पण तीं कशाच्या आधारानें ठरलीं हें विचारण्याची बुद्धि आली नाहीं, अशा अवस्थेंत मुलगी सुटीला घरीं येते. आजी रात्रीं दोनदां कुलूप ओढून पाहते, म्हणून तिला एक विकार चिकटविला जातो. धाकटा भाऊ जेवतांना चुळबुळ करितो, म्हणून त्याला दुसरा. आजीचा त्यामुळें कांहीं तोटा होत नाहीं. तिनें अशीं पुष्कळ निदानें पचविलीं आहेत. परंतु ज्या शास्त्रानें माणसाविषयीं सावधपणें बोलावयास शिकवावें, त्यानेंच बेधडक बोलण्याचा परवाना द्यावा, हा प्रकार शोचनीय आहे.

शिवाय संख्याशास्त्रावांचून हें शास्त्र आज समजणेंच शक्य राहिलेलें नाहीं. २०१५ सालीं देशोदेशींच्या २७० संशोधकांनीं मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले शंभर प्रयोग पुन्हां करून पाहिले, तेव्हां सुमारें शेंकडा ३६ प्रयोगांतच मूळचा निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला. हें वृत्त लज्जास्पद नाहीं. आपली उलटतपासणी आपणच करून ती जाहीर करणें हें शास्त्राच्या जिवंतपणाचें लक्षण होय. पण ज्या विद्यार्थिनीस 'कसोटीस उतरणें' म्हणजे काय हें तिसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नाहीं, तिला या बातमीचा काय उपयोग? तिच्या दृष्टीनें क्रमिक पुस्तकांतील प्रत्येक वाक्य सारख्याच वजनाचें असतें, आणि तें पाठ करण्यासाठीं असतें.

आणि त्या पुस्तकांत माणूस तरी कोठला भेटतो? आमच्याकडे चालणारीं मानसशास्त्राचीं क्रमिक पुस्तकें बहुशः अमेरिकन आहेत, किंवा अमेरिकन पुस्तकांवरून बेतलेलीं आहेत. २०१० सालीं हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन या कॅनडांतील तिघां प्राध्यापकांनीं एका गाजलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, प्रमुख नियतकालिकांतून ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांपैकीं शेंकडा ९६ माणसें ज्या देशांतलीं, त्या देशांत जगाची अवघी शेंकडा १२ वस्ती आहे; आणि त्यांतही कॉलेजांतील विद्यार्थीच फार. थोडक्यांत, 'मनुष्यस्वभाव असा असा आहे' म्हणून आम्ही जें पाठ करितों, त्यांतील बरेंचसें एका परदेशी वसतिगृहाचें वर्णन आहे. याचा अर्थ तें खोटें आहे असा नाहीं. तें आमच्याकडे खरें आहे किंवा नाहीं हें आम्ही पाहिलेलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पण पाहण्याचें काम कोणाचें?

एक उदाहरण घेऊं. रशियन मानसशास्त्रज्ञ लूरिया यानें १९३१-३२ सालीं उझबेकिस्तानांतील निरक्षर शेतकऱ्यांस हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लांकडाचा ओंडका हीं चार चित्रें दाखवून त्यांतील वेगळें कोणतें तें विचारलें. शाळा शिकलेला मनुष्य ओंडका वगळतो, कारण बाकीचीं तिन्ही हत्यारें. शेतकरी म्हणाले, यांतलें कांहींच वगळतां येत नाहीं; ओंडका नसेल तर करवत काय कामाची? हाच प्रश्न रावेरकडील एखाद्या म्हाताऱ्या केळीवाल्यास विचारून पहा. चित्रें विळा, दोरी, टोपली आणि केळीचा घड यांचीं काढा. तो बहुधा उझबेकी शेतकऱ्यासारखेंच उत्तर देईल, किंवा आम्हांस न सुचलेलें तिसरेंच कांहीं देईल. चाचणीची उत्तरसूची त्यास शून्य गुण देईल. तो मात्र बाजार, पाऊस आणि मजूर या तिन्हींचा हिशेब एकाच वेळीं डोक्यांत ठेवून बाग उभी करितो. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा मानसशास्त्रांतील अस्सल प्रश्न आहे, आणि तो विचारावयास कोठें परदेशीं जावयास नको, सकाळच्या एस. टी. नें जाऊन संध्याकाळीं परत येतां येतें.

प्रयोगशाळेची तऱ्हा पाहिली तर तेथेंही हेंच. म्यूलर-लायरच्या दोन रेघांचा भ्रम बहुतेक ठिकाणीं करवितात. याच भ्रमाचा अभ्यास रिव्हर्सनें १८९८ सालीं टॉरेस सामुद्रधुनींतील बेटांवर, आणि पुढें आमच्या निलगिरींतील तोडा लोकांतही केला, व त्या लोकांस तो भ्रम इंग्रजांपेक्षां कमी होतो असें त्यास आढळलें. म्हणजे खेड्यांतील आणि शहरांतील डोळ्यांची तुलना करण्यास याहून सोपें साधन नाहीं. परंतु आमची विद्यार्थिनी तो प्रयोग शेजारच्या बाकावरील मैत्रिणीवर करिते, निष्कर्ष मागील वर्षाच्या वहींतून उतरविते, आणि शिक्षक त्यावर सही करितात. निरर्थक शब्द पाठ करण्याचा प्रयोगही तसाच. एबिंगहाउसनें १८८५ त प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक ग्रंथांत अर्थहीन अक्षरगट वापरले, ते जर्मन भाषेपुरते अर्थहीन होते. मराठींत निरर्थक काय आणि सार्थ काय, हें तरी आम्ही आधीं ठरविलें आहे काय? 'आंडोर' हा शब्द पुण्याच्या मुलीस निव्वळ ध्वनि वाटेल. धुळ्याच्या खेड्यांतील आईस तो पोटचा मुलगा आहे.

येथपर्यंतची गोष्ट कोणास विद्वानांची करमणूक वाटेल. आतां जी सांगतों ती करमणूक नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशीं, शिरपूर, चोपडा, यावल या बाजूस, ज्या मुलाच्या घरीं पावरी किंवा भिल्ली बोलतात तें मूल शाळेंत येतें तेव्हां प्रमाण मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. वर्गांत तें गप्प बसतें. कोणी त्याची बुद्धि मोजावयाचें ठरविलें, आणि चाचणी प्रमाण मराठींतील असली, तर आंकडा येईल तो बुद्धीचा कीं भाषेचा? आणि तो आंकडा एकदां कागदावर आला म्हणजे तें मूल मंद ठरतें. मग त्याच्याकडे लक्ष देण्याचें कारण उरत नाहीं, आणि लक्ष दिलें नाहीं म्हणून तें खरोखरच मागें पडतें. मोजण्यास बसलेल्या शिक्षिकेनें पदवीच्या वर्गांत चाचणी कशी तयार होते हें एकदां तरी स्वतः करून पाहिलें असेल, तर तिचा हात तो आंकडा लिहितांना थबकेल. हें थबकणें शिकविण्यासाठीं हा विषय आहे. आमच्याकडे असें काम झालें नाहीं असेंही नाहीं. व्ही. व्ही. कामत यांनीं १९३० नंतरच्या दशकांत धारवाडकडील कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं बिने यांच्या चाचण्यांचें संस्करण केलें, आणि १९४० सालीं त्यावर त्यांचें पुस्तक निघालें. केवळ भाषांतर न करितां मुलांवर पडताळा घेऊन त्यांनीं प्रश्नांचा क्रम लावला. तो कित्ता त्यांनीं घालून दिला त्यास आतां ऐंशींहून अधिक वर्षें झालीं.

स्थानिक साधनें गोळा करावयाचीं म्हणजे काय, हें तर खानदेशानें इतरांस शिकवावें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांवचीं दप्तरें, फडताळें आणि माळे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें जमविलीं. इतिहास लिहावयाचा तर आधीं अस्सल कागद, हा त्यांचा हट्ट. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचें निधन झालें, आणि १९२७ सालीं त्याच शहरांत त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. ग्रँट डफ वाचून मराठ्यांचा इतिहास आला असें मानणाऱ्यास राजवाडे काय म्हणाले असते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अमेरिकन पुस्तक वाचून खानदेशी मन आलें असें मानणाऱ्याची गोष्ट याहून निराळी कशी? तिकडे अमळनेरास प्रताप शेठजींच्या औदार्यानें १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें, आणि तेथून निघणारें इंग्रजी तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिक देशभर वाचलें जाई. त्याच सुमारास कलकत्त्यास मानसशास्त्र हें तत्त्वज्ञानापासून विभक्त होऊन स्वतःची प्रयोगशाळा मांडीत होतें. भारतीय ज्ञानपरंपरेचा खण भरावयाचा असेल, तर चार सुभाषितें आणि एक योगासनांचा तक्ता यांनीं तो भरूं नये. पातंजल सूत्रांत ज्या पांच वृत्ति मोजल्या आहेत त्यांत स्मृति ही एक आहे. तिची तेथील कल्पना आणि एबिंगहाउसची कल्पना यांची समोरासमोर झडती घ्यावी, आणि त्यासाठीं विद्यार्थ्यांस एक दिवस अमळनेरास न्यावें.

मग क्रम कसा असावा? आमच्या मतें पहिल्या सहामाहींत पुस्तकाचीं प्रकरणें निम्मीं करावीं आणि निरीक्षणास बसवावें. बसस्थानकावर रांग कशी मोडते, बाजारांत भाव करितांना कोण आधीं आंकडा बोलतो, आजी नातवास गोष्ट सांगतांना कोठें थांबते, हें नुसतें टिपावयाचें. कारण सांगावयाचें नाहीं. कारण न सांगतां पाहणें किती कठीण आहे हें एवढ्यानेंच कळेल. दुसऱ्या सहामाहींत याच टिपणांतून आंकडे काढावे, आणि सरासरी, विचलन, सहसंबंध हें सर्व स्वतः जमविलेल्या आंकड्यांवर शिकवावें. परक्याच्या आंकड्यांची भीति वाटते. आपण उन्हांत उभें राहून मोजलेल्या आंकड्यांची वाटत नाहीं. दुसऱ्या वर्षीं वाढत्या मुलाचा आणि समाजाचा अभ्यास, आणि त्याच्या जोडीनें एक लहानशी प्रश्नावली अहिराणींत किंवा लेवा गणबोलींत तयार करणें, ती उलट मराठींत आणून दुसऱ्याकडून तपासून घेणें, आणि ज्यांस विचारावयाचें त्यांची संमति कशी घ्यावयाची हें शिकणें. मनोविकारांचें प्रकरण तिसऱ्या वर्षाआधीं उघडूंच नये. उघडावें तेव्हां त्याबरोबर २०१७ चा कायदा शिकवावा, आणि आपण काय करूं शकत नाहीं व कोणाकडे पाठवावें हेंही शिकवावें. कापसाच्या हंगामांत कर्जानें गांजलेला शेजारी रात्रीं ओट्यावर गप्प बसून राहतो, तेव्हां त्याच्याशीं काय बोलावें व काय बोलूं नये, आणि १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून शासनाची टेलि-मानस सेवा आहे, एवढें जरी प्रत्येक पदवीधर मुलीस पक्कें ठाऊक झालें तरी तीस तासांच्या समुपदेशनाहून अधिक झालें.

यावर आक्षेप येतील. मराठींत परिभाषा नाहीं, हा पहिला आणि सर्वांत जुना. परिभाषा आहे, पुष्कळ आहे, किंबहुना तीच पाठ करविली जाते. 'अभिसंधान' आणि 'प्रबलन' हे शब्द घोकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीस कोणी सांगत नाहीं कीं, घराची वाट लागतांच बैलाचे पाय आपोआप उचलतात ती गोष्ट याच प्रकरणांतली. शब्दाआधीं वस्तु दाखविली तर शब्द जड होत नाहीं. ज्या विद्यापीठाच्या छायेखालीं जळगांव, धुळें आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात, तें १९९० सालीं स्थापन झालें आणि २०१८ सालीं त्यास बहिणाबाई चौधरी यांचें नांव मिळालें. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईनें मनाविषयीं जें पाहिलें तें आपल्या बोलींत पाहिलें आणि आपल्या बोलींत सांगितलें. त्या बोलींत मुलांवर पडताळून पाहिलेली एखादी चाचणी आपल्या महाविद्यालयाच्या कपाटांत आहे काय, हें पालकांनीं एकदां विचारून यावें.

दुसरा आक्षेप सुजाण पालकांचा आहे, आणि तो आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. असा गांवठी अभ्यासक्रम शिकलेली मुलगी पुण्याच्या मुलींच्या तोडीस कशी टिकणार? आमचें उत्तर असें कीं, तीच टिकेल. प्राध्यापकीसाठीं जी राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहे तींत संशोधनपद्धति आणि संख्याशास्त्र यांस स्वतंत्र घटक आहे. तेथें पाठांतराची मुलगी अडखळते. शिवाय आतां पळवाटही उरलेली नाहीं. तालुक्याच्या गांवीं राहून टपालानें किंवा संगणकावरून ही पदवी घेण्याची जी सोय होती, ती विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून नव्या प्रवेशांपुरती बंद केली. ज्या मुलीस पुण्यास पाठविण्याची घरची ऐपत नाहीं किंवा तयारी नाहीं, तिला आतां जवळचें महाविद्यालय हाच मार्ग. तेथें जें मिळेल तेंच तिचें मानसशास्त्र.

राहिला खर्चाचा आक्षेप. आम्ही सुचविलेल्या कामास वही, पेन्सिल, एक घड्याळ आणि एस. टी. चें भाडें लागतें. जळगांव ते धुळें हें अंतर शंभर किलोमीटरांच्या आंतलें आहे. दोन्ही शहरांतील एकेका महाविद्यालयानें मनावर घेतलें तर येत्या हिवाळ्यांतच एक प्रयोग होऊं शकेल: तेच वीस अक्षरगट, अहिराणी घरांत वाढलेलीं पन्नास मुलें धुळ्याकडचीं आणि लेवा घरांत वाढलेलीं पन्नास जळगांवाकडचीं, पालकांची लेखी संमति, नांवांच्या जागीं केवळ क्रमांक. आंकडे दोन प्रतींत लिहावे. एक प्रत जळगांवच्या कपाटांत ठेवावी, दुसरी धुळ्याच्या. आणि पुढील वर्षाच्या मुलींनीं आल्याबरोबर पहिल्यानें तें कपाट उघडून मागच्या वर्षाची बेरीज तपासावी.